ओली भिंत कशी वाळवावी?

मंडळी, कोकणात काय आणि घाटावर काय, मुंबईत ज्याचा एकही माणूस नाही असे गाव मिळणे कठीण. कोणाचा भाऊ परळला असतो. कोणाची लेक लालबागला दिलेली असते. कोणाचा मामा गिरगावच्या चाळीत राहतो. पूर्वी ही माणसे गिरणीत कामाला गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जागी आता उंच इमारती दिसतात. तरी जुन्या चाळी अजून पुष्कळ आहेत आणि त्यांत आपली माणसे नांदत आहेत.

या चाळींना दर पावसाळ्यात एक दुखणे होते. त्याचे नाव ओल. तुमच्या गावच्या घरालाही हेच दुखणे होते. दुखणे एक, म्हणून औषधही बहुतेक एकच. ते कोणते, हे या धड्यात पाहू.

लालबाग-परळला पाणी का साचते?

मुंबई पूर्वी सात बेटांची होती. परळ हे त्यांपैकी एक. बेटांच्या मधल्या खाजणात भर घालून ती जोडली गेली. जेथे भर घातली तेथली जमीन सखल राहिली. दादर आणि परळ यांच्यामधला हिंदमाताचा भाग असाच बशीसारखा खोलगट आहे. चारी बाजूंचे पाणी तेथे धाव घेते.

हे पाणी गटारातून समुद्राला मिळायचे. पण समुद्राला मोठी भरती असली, म्हणजे गटाराचे तोंडच बंद झाल्यासारखे होते. वरून मुसळधार पाऊस आणि खालून भरती, अशी गाठ पडली की रस्त्याची नदी होते. मग तळमजल्याच्या खोल्यांत पाणी शिरते.

२६ जुलै २००५ चा पाऊस तुम्ही ऐकला असेल. त्या वेळी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे ३ फुटांहून अधिक! त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ७३ मिलिमीटरच पडला. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा असाच मोठा पाऊस झाला आणि दादर-परळ पाण्याखाली गेले. पुढे महापालिकेने परळचे सेंट झेवियर मैदान आणि दादरचे प्रमोद महाजन उद्यान यांच्या पोटात मोठाल्या टाक्या बांधल्या. रस्त्यावरचे पाणी पंपाने त्यांत साठवायचे आणि पाऊस-भरती ओसरली की सोडायचे, अशी ही योजना आहे.

रस्त्यावरचे पाणी ओहोटीबरोबर उतरते. भिंतीत शिरलेले पाणी उतरत नाही. ते आपल्यालाच काढावे लागते.

आधी जीव, मग भिंत

पाणी ओसरले की घरात धावत शिरू नये. आधी बाहेरून घर पाहावे. पुढील खुणा नीट वाचा.

भिंतीला पोट सुटले आहे. जुनी तड रुंद झाली आहे. काल लागणारे दार आज लागत नाही. कडीपाटातून माती किंवा चुना गळतो आहे. लाकूड करकरते आहे.

यांतली एकही खूण दिसली तर सामानाचा मोह धरू नका. लहानथोर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. मुंबईत १९१६ या क्रमांकावर महापालिकेला कळवा. गावात ग्रामपंचायत आणि तलाठी यांना कळवा, किंवा ११२ क्रमांक लावा.

३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. ती शंभराहून अधिक वर्षांची होती. ३३ माणसे दगावली. जुनी इमारत सहसा एकाच कारणाने पडत नाही. लाकूड कुजलेले असते, दुरुस्ती राहून गेलेली असते, वर भार वाढलेला असतो. अशी इमारत पावसात भिजली की तिच्याकडे दुप्पट लक्ष द्यावे. पावसाळ्याआधी म्हाडा शहरातल्या जुन्या इमारतींची पाहणी करते आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. मुंबईतल्या आपल्या माणसाला फोन कराल तेव्हा, “पाऊस कसा आहे?” एवढेच विचारू नका. “यादीत तुमच्या इमारतीचं नाव आहे का?” हेही विचारा.

दुसरी गोष्ट विजेची. विजेच्या बोर्डाला पाणी लागले असेल तर त्याला हात लावू नका. पाण्यात उभे राहून मेन स्विच बंद करायला जाऊ नका. वायरमनला बोलवा. तो ‘चालू करा’ म्हणेपर्यंत पंखासुद्धा लावायचा नाही.

तिसरी गोष्ट आजाराची. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत मिसळलेले असते. पायाला लहानशी जखम असली तरी त्यातून लेप्टो नावाचा रोग अंगात शिरतो. म्हणून अशा पाण्यातून चालला असाल, तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगा. ताप येण्याची वाट पाहू नका.

चौथी गोष्ट कागदाची. साफसफाईच्या आधी पाणी कुठवर आले होते त्याचे फोटो काढून ठेवा. पंचनामा झाला नसेल तर तो मागा. सही करण्यापूर्वी तो स्वतः वाचा. वाचायला शिकलो ते याचसाठी!

भिंत पाणी पिते

चहात बिस्कीट टेकवून पाहा. टोक तेवढे बुडते, पण ओल वर वर चढते. समईच्या वातीतून तेल असेच वर जाते. विटेत, चुन्यात, मातीत बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी असेच चढते. म्हणून खोलीत फूटभर पाणी आले, तर ओल दोन-तीन फुटांवर दिसते.

आता हे पाणी बाहेर कसे येते? भिंतीच्या पोटातले पाणी आधी हळूहळू भिंतीच्या तोंडाशी येते. मग तोंडाशी आलेले पाणी वारा उचलून नेतो. या दोन्ही गोष्टी घडल्या तरच भिंत वाळते. आषाढात हवा स्वतःच ओली असते. दोरीवरचे धोतर दोन दिवस वाळत नाही, मग भिंत कशी वाळणार?

तोंडाशी आलेले पाणी आधी जाते. म्हणून भिंत वरून कोरडी दिसते आणि पोटात ओलीच राहते. येथेच माणूस फसतो.

जाणकारांचा एक ढोबळ हिशेब आहे. हवा चांगली असेल, तर भिंतीच्या १ इंच जाडीला सुमारे १ महिना लागतो. विटेची भिंत साधारण ९ इंच असते. म्हणजे ९ महिने आले! दोन्ही बाजू मोकळ्या असल्या आणि ऊन-वारा मिळाला तर लवकर होते. एक बाजू कपाटाने झाकली तर उशीर होतो. तेव्हा असे ध्यानात ठेवा: आषाढात भिजलेली भिंत दिवाळीला वाळल्यासारखी दिसते. खरी वाळते ती होळी-पाडव्याच्या सुमारास.

पाणी कोणत्या वाटेने येते?

पुराचे पाणी एकदा येते आणि जाते. पण पुष्कळ घरांत ओल रोजची असते. भोक बुजवल्याशिवाय मडके उपसून उपयोग काय? म्हणून आधी वाट शोधावी. वाटा तीन.

पहिली वाट खालची. ओल जमिनीपासून सुरू होते आणि कमरेच्या आसपास थांबते. हे जमिनीतले पाणी.

दुसरी वाट बाजूची. पाऊस झोडपतो त्याच भिंतीला ओल येते. बाहेर तड असते, पन्हळ फुटलेली असते, किंवा भिंतीत पिंपळाचे रोप उगवलेले असते. पिंपळाची मुळे भिंत फोडतात आणि पाण्याला वाट करून देतात.

तिसरी वाट वरची. कौले सरकलेली असतात, किंवा वरच्या खोलीतली मोरी गळते.

चाळीत तिसऱ्या वाटेवरून भांडणे फार होतात. समजा, खालच्या खोलीतले गृहस्थ वर गेले. ते हात हालवत गेले नाहीत, वही घेऊन गेले. ते म्हणाले,

“वहिनी, रागावू नका. चार दिवस मी लिहून ठेवलंय. तुमच्याकडे सकाळी मोरी वापरली की तासाभरानं आमच्या भिंतीवरचा डाग वाढतो. पाऊस नसला तरी वाढतो.”

“अहो भावोजी, मोरी तर मी रोज घासते. पाणी जरासुद्धा तुंबत नाही.”

“तुंबत नसेलच. पण कोपऱ्यातली फरशी हलते का, तेवढं दोघं मिळून बघू या.”

फरशी दाबून पाहिली, तर ती सुटलेली. तिच्या कडेने पाणी खाली जात होते. गवंडी बोलावला, निम्मे निम्मे पैसे दिले, काम झाले. तोंडाने भांडण वाढले असते. चार ओळींच्या टिपणाने ते मिटवले.

वाळवण्याची रीत

१. चिखल ओला असतानाच काढा. वाळला की तो दगडासारखा होतो. फावड्याने काढा, खराट्याने लोटा, मग स्वच्छ पाण्याने जमीन धुवा. भिंत पक्की असेल तर तिचा चिखलही पुसून काढा. शेवटी ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरा. प्रमाण पाकिटावर लिहिलेले असते, ते वाचून घ्या. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. हातात मोजे आणि नाकातोंडाला फडके असावे.

२. भिंत मोकळी करा. कपाट, ट्रंका, कॉट हातभर पुढे ओढा. भिंतीवरची कॅलेंडरे आणि चिकटवलेले कागद काढा. चाळीच्या खोलीत जागा ती केवढी! तरी सामान खोलीच्या मध्ये रचावे, भिंतीला लावू नये.

३. गिलावा वाजवून पाहा. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करा. ‘टण’ असा आवाज आला तर गिलावा धरून आहे. ‘बद’ असा पोकळ आवाज आला तर तो सुटला आहे. सुटलेला गिलावा गवंड्याकडून पाडून घ्या. विटा उघड्या पडल्या की भिंत मोकळा श्वास घेते. ऑइल पेंट असेल तर तोही खरवडून काढा. तो भिंतीला रेनकोट घातल्यासारखा असतो. आतले पाणी तो बाहेर येऊ देत नाही.

४. वारा खेळवा. समोरासमोरची दोन तोंडे उघडा. चाळीत गॅलरीकडचे दार आणि मागची खिडकी अशी सोय असते. पाऊस असेल तेव्हा खिडकी लावा, उघडीप पडली की उघडा. वायरमनने परवानगी दिल्यावर पंखा लावा. वारा भिंतीच्या अंगावरून सरकत जाईल असा तो ठेवा.

५. लाकूड तपासा. गिरगावच्या जुन्या चाळी लाकडी सांगाड्यावर उभ्या आहेत. तुळईचे टोक जेथे भिंतीत जाते तेथे ओल धरते आणि वाळवी लागते. तेथे खिळा टोचून पाहा. खिळा सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. हे काम आपले नव्हे. जाणत्या सुताराला आणि इंजिनिअरला दाखवा.

६. लोणा झाडून काढा. भिंत वाळू लागली की तिच्यावर पांढरी भुकटी दिसते. तो लोणा, म्हणजे क्षार. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. कोरड्या ब्रशने तो झाडा, कागदावर धरा आणि बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका. पाण्यात विरघळून तो पुन्हा भिंतीत जातो. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, हे सर्वांना ठाऊक आहे. भिंतीतला क्षारही तसाच हवेतली ओल ओढतो.

काळी-हिरवी बुरशी दिसली तर ती कोरडी झाडू नका. धूळ छातीत जाते, दमेकऱ्याला फार त्रास होतो. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून घ्या.

काय करू नये?

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. भिंत लवकर वाळावी म्हणून काही लोक तसे करतात. कोळशाच्या धगीतून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. रॉकेलच्या स्टोव्हचीही तीच गत. शिवाय त्याच्या ज्वाळेतून वाफ निघते आणि हवा आणखी ओली होते.

गणपतीसाठी घाईने रंग देऊ नये. लालबाग-परळला गणपती म्हणजे वर्षाचा सण. पाहुणे येणार, घर चांगले दिसावे, ही इच्छा खरी आहे. पण जुलैत भिजलेल्या भिंतीला ऑगस्टमध्ये ऑइल पेंट दिला, तर दिवाळीपर्यंत त्याला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. रंगाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि ओल घरातच राहिली. मग सण साजरा कसा करावा? साधा चुना लावा. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. मागे पडदा सोडा आणि मखर भिंतीपासून हातभर पुढे मांडा. मागून वारा खेळेल. देव काही भिंतीचा रंग पाहत नाही!

जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये. सिमेंट कडक असते, ते पाण्याची वाट अडवते. अडलेले पाणी आणखी वर चढते आणि तुळईच्या टोकापर्यंत पोचते. चुन्याला चुना, मातीला माती, हाच नियम बरा.

सिमेंट काँक्रीटच्या घराची गोष्ट वेगळी आहे. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथल्या बीडीडी चाळी १९२० नंतरच्या दशकात काँक्रीटच्या बांधल्या. आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथल्या चाळी पाडून त्यांच्या जागी नव्या इमारती उभारण्याचे काम चालू आहे. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. पाणी पोचले की सळई गंजते. गंजली की फुगते, आणि फुगली की वरचे काँक्रीट फोडते. मग स्लॅबचा तुकडा खाली येतो. असा तुकडा पडला तर वरून नुसता गिलावा लिंपू नका. तो रोग झाकणे झाले. इंजिनिअरला दाखवूनच दुरुस्ती करा.

भिंतीची वही

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा येथे उपयोग करा. ओल जेथवर आहे तेथे भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढा. रेघेशेजारी तारीख घाला. दर पंधरा दिवसांनी नवी रेघ ओढा आणि वहीत लिहा. उदाहरणार्थ:

१ ऑगस्ट. ओल जमिनीपासून ३२ इंच.
१५ ऑगस्ट. ३२ इंच. पाऊस चालू. खिडकी बंद.
१ सप्टेंबर. ३० इंच. गिलावा पाडला.
१ ऑक्टोबर. २५ इंच. लोणा झाडला.
१ नोव्हेंबर. १७ इंच. ऊन चांगले.

आकडा कमी होत असेल तर धीर धरा. आकडा तोच राहिला किंवा वाढला, तर पाणी अजून कोठून तरी येत आहे. पुन्हा तीन वाटा तपासा. ही वही घरमालकाला, इंजिनिअरला किंवा पंचायतीला दाखवता येते. नुसत्या तक्रारीपेक्षा तारखेला वजन असते.

भिंत वाळली हे कसे ओळखावे?

हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा स्वच्छ तुकडा घ्या. तो भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक दिवस आणि एक रात्र तसाच ठेवा. मग पाहा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची ओल आहे. महिन्याच्या अंतराने दोनदा आतली बाजू कोरडी निघाली, पेन्सिलीची रेघ खाली आली आणि कुबट वास गेला, की गिलावा करायला हरकत नाही. गिलावा वाळल्यावर मगच रंग.

गावाकडचे घर

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठची कितीतरी घरे कोसळली. जुन्या घरांत मातीचा वापर फार होता. माती पाण्यात बसली की तिची ताकद जाते. २०१९ साली सांगली-कोल्हापूरला आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, तेव्हाही लोकांनी भिजलेल्या भिंतींचा हा अनुभव घेतला.

म्हणून मातीच्या भिंतीला चुन्या-विटेच्या भिंतीपेक्षा अधिक जपावे. तिच्यावर पाणी मारून धुऊ नये. तिच्या पायथ्याची माती उकरू नये. भिंत कलली असेल तर तिच्याजवळ झोपू नये आणि गुरे बांधू नयेत. जाणत्या माणसाकडून बाहेरून टेकू द्यावा. पायथा पूर्ण वाळल्यावरच लिंपण आणि सारवण करावे.

कोकणातला जांभा दिसतो कणखर, पण त्याला छिद्रे पुष्कळ. तोही पाणी पितो आणि सावकाश सोडतो. दोन्ही घरांना एक उपाय लागू आहे. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न्या. अंगणाचा उतार घराकडे नको, बाहेर असू द्या. जोत्याला टेकून लाकडे, शेणी, वाळूचा ढीग ठेवू नका. वैशाखात कौले चाळा. हे चार दिवसांचे काम आहे. ते केले तर पुढचे नऊ महिने वाचतात.

ध्यानात ठेवा

भिंत फुगली किंवा कलली तर आधी बाहेर पडा.
ओल्या बोर्डाला हात लावू नका.
पाण्याची वाट आधी बंद करा, मग भिंत वाळवा.
वारा द्या, धग देऊ नका.
पूर्ण वाळल्याशिवाय रंग नाही.
तारीख घालून वहीत लिहा.

शब्दांचे अर्थ

खाजण: भरतीचे पाणी शिरते ती दलदलीची जमीन.
गिलावा: भिंतीवरचा चुन्याचा, सिमेंटचा किंवा मातीचा थर.
तुळई: छताचा भार घेणारे आडवे लाकूड.
पन्हळ: छपराचे पाणी वाहून नेणारी नळी.
पागोळ्या: छपराच्या कडेवरून गळणाऱ्या धारा.
जोते: घराचा जमिनीवरचा उंच पाया.

उत्तरे द्या

१. हिंदमाताच्या भागात पाणी का साचते?
२. भिंत वरून कोरडी दिसली तरी आत ओली का असते?
३. बंद खोलीत शेगडी का पेटवू नये?
४. लोणा पाण्याने का धुऊ नये?
५. तुमच्या घराची एक भिंत पाहा. ओल आहे का? असल्यास ती कोणत्या वाटेने येते? पाच ओळी लिहा आणि वर आजची तारीख घाला.